रिमोटवर २४, छताला ३९

एप्रिलमधली रात्र, अकरा वाजून गेलेले. पुण्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आम्ही. एसी साडेनऊपासून चालू, रिमोटवर २४ दिसतंय, आणि तरी अंगावर कुणीतरी कोमट पांघरूण टाकल्यासारखं वाटतंय. कोरोनाच्या दिवसांत घेतलेली ती कपाळासमोर धरायची बंदूक ड्रॉवरमध्ये पडून होती. तिला वस्तूचं तापमान मोजायचाही मोड असतो. सहज म्हणून छताकडे धरली. ३९. पश्चिमेकडची भिंत ३४. टेबलावरच्या साध्या थर्मामीटरवर खोलीतली हवा मात्र २५.

म्हणजे एसी खोटं बोलत नव्हता. त्याला हवा थंड करायला सांगितलं होतं, ती त्याने केली होती. उकडत होतं ते छतामुळे, आणि छत कुठल्याच रिमोटवर नसतं.

इमारतीत माणसाला बरं वाटणं आणि विजेचं बिल आटोक्यात राहणं, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत अशी आपली समजूत असते. थंड हवं तर पैसे मोजा, पैसे वाचवायचे तर घाम पुसा. ही समजूत थोडीफारच खरी आहे. बऱ्याचदा आपण भरपूर वीज चुकीच्या जागी खर्च करतो आणि वर बरंही वाटत नाही. त्यासाठी आधी ‘बरं वाटणं’ म्हणजे काय ते बघू.

नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. ती सतत बाहेर जायला हवी. काही अंगाला लागणाऱ्या हवेत जाते, काही घामाच्या वाफेतून, आणि बराच मोठा वाटा आपण भोवतालच्या भिंती, छत, फरशी यांच्याकडे किरणांच्या रूपाने फेकतो. त्वचेचं तापमान ३३-३४ अंश असतं. भिंत २५ ची असेल तर आपली उष्णता तिकडे जाते. छत ३९ चं असेल तर उलटी गंगा: छतच आपल्याला शेकतं. शेकोटीपासून चार हात लांब बसलो तरी गालाला धग लागते, मधली हवा गार असली तरी. तोच प्रकार, फक्त मंद आचेवर.

पंखा नसलेल्या खोलीत जाणवणारं तापमान काढायची ढोबळ रीत अशी: हवेचं तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान, यांच्या मधोमध. हवा २५, छत-भिंती-फरशी मिळून सरासरी ३१ धरली, तर अंगाला जाणवतं २८. मग आपण रिमोट उचलतो आणि २० करतो. हवा आणखी गार होते, छत आहे तिथेच असतं. पाय गारठतात, डोकं तापलेलं राहतं.

डेन्मार्कचे प्राध्यापक ओले फँगर यांनी या सगळ्याचं गणित १९७० मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. विद्यार्थ्यांना बंद खोलीत बसवायचं, हवामान बदलत राहायचं आणि ‘आता कसं वाटतंय’ असं विचारायचं, अशा प्रयोगांवर ते उभं आहे. त्यात घटक सहा. हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि माणूस काय काम करतोय. जगभरातल्या एसी इमारतींचे नियम या सहांवर बेतलेले आहेत. आपल्या रिमोटवर यातला नीटसा एकच येतो.

सहाही घटक एका ठिकाणी बघायचे असतील तर सकाळी दहा वाजता आमच्या स्वयंपाकघरात या. मावशी पोळ्या करतात. पोळ्या लाटणं म्हणजे बसून टाइप करण्याच्या जवळपास दुप्पट मेहनत, म्हणजे शरीरच जास्त तापतंय. समोर लाल झालेला तवा. दुसऱ्या शेगडीवर कुकर, त्याची वाफ हवेत. अंगावर साडी, वर ॲप्रन. आणि हवेचा वेग शून्य, कारण ओट्याशी उभं राहिल्यावर मावशींचं पहिलं वाक्य असतं, “दादा, पंखा बंद करा, गॅस विझतोय.” घरातल्या सगळ्यात तापलेल्या खोलीत सगळ्यात स्वस्त उपाय बंद. मराठी घरात एसी आधी बेडरूमला येतो, मग जमलं तर हॉलला. स्वयंपाकघरात लावलेला मी तरी पाहिलेला नाही. या लेखाच्या शेवटी ओट्याकडे परत येतो.

दुसरं टोक म्हणजे ऑफिस. मे महिन्यात बाहेर ३९ आणि आत निम्म्या बायका शाल-स्वेटरमध्ये. हा नखरा नाही. फँगर यांच्या गणितातच कबुली आहे की सगळं अगदी मनासारखं जुळवलं तरी शंभरातले निदान पाच जण नाराज राहतात. त्यात २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दाखवून दिलं की गणितात शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरतात तो चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या पुरुषाचा आहे. बैठं काम करणाऱ्या तरुण बायकांच्या शरीरात त्याहून कमी उष्णता तयार होते. साहजिकच त्यांना कुडकुडायला होतं. वर साहेब लोक कोट घालून बसणार, म्हणून थर्मोस्टॅट २२ वर. सुती अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण सूट यांत अंगाला जाणवणारा फरक दोन-तीन अंशांचा असतो. जपानने २००५ मध्ये सरकारी पातळीवर ‘कूल बिझ’ नावाची मोहीम काढली ती याचसाठी: उन्हाळ्यात टाय-कोट काढा, एसी २८ वर ठेवा. आपल्याकडे टाय घालायची सक्ती करून मग टायसाठी एसी वाढवणारी ऑफिसं आजही आहेत. मी एकात सहा वर्षं काढली.

बरं, फँगर यांचे विद्यार्थी थंड देशांतले, बंद खोलीतले. आपल्या लोकांनाही तेच लागू पडतं का? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या ऑफिसांत जाऊन सहा हजारांवर उत्तरं गोळा केली. त्यातून २०१४ मध्ये भारतासाठीचं सूत्र निघालं. मग २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही ते आलं. मुद्दा असा की माणसाचं शरीर आणि मन ऋतूबरोबर सरकतं. ज्या इमारतीत खिडक्या उघडता येतात, पंखे आहेत, तिथे उन्हाळ्यात लोकांना बरं वाटणारं तापमान वर जातं, हिवाळ्यात खाली येतं.

सूत्र सोपं आहे: बाहेरच्या हवेचं गेल्या महिनाभरातलं सरासरी तापमान घ्या, त्याला ०.५४ ने गुणा, त्यात १२.८३ मिळवा. पुण्यातल्या एप्रिलची दिवस-रात्र मिळून सरासरी ३० च्या आसपास धरली तर उत्तर येतं २९. त्याच्या दोन-सव्वादोन अंश अलीकडे-पलीकडेही बहुतेकांना चालतं. डिसेंबरात सरासरी २१ धरली तर उत्तर २४. हे सूत्र ऑफिसांवरून निघालंय, घराला जसंच्या तसं लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. एप्रिलमध्ये पंख्याखाली, मोकळ्या कपड्यांत, २८-२९ ला बरं वाटणं यात काही विशेष नाही. त्याच माणसाला वर्षभर २२ मध्ये बसवलं की त्याची ही सवय मोडते, आणि मग २६ लाही ‘एसी बंद पडलाय का?’ अशी तक्रार येते.

आता विजेकडे. एसीचा ‘टन’ हा वजनाचा टन नाही, पण बर्फाच्या वजनावरूनच आलाय: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी. म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसू शकतो आणि त्यासाठी पूर्ण जोरात असताना दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, विहिरीवरच्या मोटेसारखा. आत-बाहेरच्या तापमानातलं अंतर जेवढं जास्त तेवढी विहीर खोल, आणि उपसायला तेवढी वीज जास्त.

म्हणून ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे आपल्या एसी-फ्रिजवर स्टार चिकटवणारी सरकारी संस्था, सांगते की एसी एक अंशाने वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. याच कारणाने १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले घरगुती एसी सुरू करताच २४ वर येतात. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसी २० ते २८ या टप्प्यातच चालावेत असा प्रस्ताव बोलून दाखवला, तेव्हा व्हॉट्सॲपवर काय रणकंदन झालं ते आठवत असेल. गंमत म्हणजे १८ लावल्याने खोली लवकर गार होते हा समज त्या वादातही कुणी सोडला नाही. होत नाही. तापलेल्या खोलीत एसी २४ लावला काय आणि १८ लावला काय, सुरुवातीला तो तसाही आपल्या पूर्ण ताकदीने चालतो. फरक एवढाच की १८ वाला थांबायचं नावच घेत नाही.

इथे पंख्याची किंमत कळते. साधा छताचा पंखा ७०-७५ वॅट खातो, कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. पंखा खोली गार करत नाही, अंगाभोवतीची कोमट हवा आणि घामाची वाफ हलवतो. पण वारा अंगाला नीट लागत असेल तर जाणवणारं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. आता हिशेब मांडा. बंद खोलीत एसी २३ वर, पंखा बंद: रात्रीच्या आठ तासांत सरासरी तासाला एक युनिट धरलं तर आठ युनिटं. तोच एसी २६ वर आणि बीएलडीसी पंखा मध्यम वेगात: तीन अंशांमागे सतराएक टक्के वाचले, म्हणजे जवळजवळ १.४ युनिट. पंख्याने खाल्लं पाव युनिट. अंगाला दोन्हीकडे सारखंच वाटतं, आणि वर रोजचं एक युनिट वाचतं. ‘एसी चालू असताना पंखा लावू नये’ असं एसी बसवायला आलेला माणूस छातीठोकपणे सांगून जातो. तो चुकतो.

पण पंखा आणि रिमोट हे झाले रोगाच्या लक्षणावरचे उपाय. उष्णता आत येते कुठून? वरच्या मजल्यावर तिचा राजमार्ग म्हणजे स्लॅब. बारा बाय बाराची खोली म्हणजे साडेतेरा चौरस मीटर छत. उघड्या काँक्रीट स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, वर-खाली एका अंशाचा फरक असेल तर तीनेक वॅट उष्णता झिरपते. दुपारी गच्ची ६० अंशांना तापली आणि खोली २६ वर ठेवायची असेल तर फरक ३४ अंशांचा. गुणाकार केला की तेराशे-चौदाशे वॅट. प्रत्यक्षात काँक्रीट ती उष्णता आधी पोटात साठवतं आणि चार-पाच तासांनी खाली सोडतं, म्हणून माझी बंदूक रात्री अकराला ३९ दाखवते. दुपारचं ऊन आपण रात्री भोगत असतो. एक टनाच्या एसीची तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद नुसती या स्लॅबशी भांडण्यात जाऊ शकते.

यावरचा उपाय मराठी माणसाला नवा नाही. मराठवाडा-विदर्भातलं धाब्याचं घर आठवा: लाकडावर जाडजूड मातीचा थर, वरून पांढरी माती. गेल्या पिढीतल्या बिल्डिंगांच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक असायचा. तो गळती थांबवायला असला तरी जाताजाता ऊनही परतवायचा. आता तेच काम पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग करतो. नवा असताना तो उन्हाचा बहुतेक भाग परत आकाशात पाठवतो. अट एकच, गच्ची धुवायची. धूळ बसली की पांढऱ्याचा करडा होतो आणि करड्याचं काम करड्यासारखंच. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांसाठी चक्क राज्याचं धोरण काढलं. आमच्या सोसायटीत मात्र दोन सर्वसाधारण सभा झाल्या. खालच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, “ऊन तुमच्या डोक्यावर, खर्च आमच्या डोक्यावर का?” शेवटी वरच्या चार फ्लॅटनी मिळून रंग दिला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेळेला बंदूक ३५ दाखवत होती. चार अंश फार वाटत नाहीत, पण एसी आता साडेनऊऐवजी झोपताना लागतो आणि २६ वर भागतं.

दुसरी वाट पश्चिमेची खिडकी. चार बाय पाचची साधी काच, चारच्या उन्हात, आत सात-आठशे वॅट सोडते. खोलीत एक इस्त्री चालू करून ठेवल्यासारखं. आतून जाड पडदा लावतो आपण, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि खोलीतच धग सोडतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर: छज्जा, बांबूची चिक, नाहीतर नर्सरीवाल्याकडची हिरवी नेट. कोकणातल्या घराची पडवी आणि खाली ओढलेली कौलं हेच करतात. काचेचे टॉवर बांधणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. भिंतीचा खर्च बिल्डर करतो आणि विजेचं बिल राहणारा भरतो, गाठ तिथे आहे. म्हणून केंद्राने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतातून झिरपणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला, अंशामागे १.२ वॅट ठेवली आहे, म्हणजे उघड्या स्लॅबच्या निम्म्याहूनही कमी. फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचन दाखवणाऱ्या मुलीला हा आकडा विचारून बघा.

एकच उपाय सगळीकडे मात्र चालत नाही. नागपूरला मे महिन्यात ४५ चढतात, पण हवा कोरडी. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर तिथे पाव एसीच्या विजेतही खोली पंधरा अंशांनी उतरवू शकतो, फक्त मागची खिडकी उघडी हवी. तोच कूलर मुंबईत लावा: हवा आधीच पाण्याने भरलेली, वाफ व्हायला जागाच नाही, उरतो फक्त दमटपणा आणि पांघरुणाला वास. मुंबईत एसी बरीचशी मजुरी हवेतलं पाणी काढायची करतो. पाइपमधून टपकतं ते तेच. तिथे ड्राय मोड आणि पंखा कितीतरी वेळा पुरतो. पुण्यात एप्रिलच्या रात्री बाहेरची हवा उतरते, तेव्हा जाळीच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि सकाळी आठला घट्ट लावायच्या. वाड्याच्या जाड भिंती आणि चौक याच चालीवर चालायचे.

आणि बचतीलाही हद्द असते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे पस्तिशीच्या वर गेली, की पंखा वारा देत नाही, लू देतो. तेव्हा ओलं फडकं, कूलर किंवा एसी हवाच. म्हाताऱ्या माणसांना तहान आणि उकाडा दोन्ही उशिरा जाणवतात. आजोबा ‘मला चालतंय’ म्हणाले म्हणून २९ वर भागवू नये. चार माणसं रात्रभर बंद खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी डोकं जड होतं. खिडकीची एक फट त्यासाठी राहू द्यावी, जाईल थोडी थंड हवा.

आता ओटा. मावशींसाठी इंडक्शन आणून पाहिलं. पंखा चालू ठेवता आला, पण तवा फक्त मधोमध तापायचा, कडा कच्च्या. आठव्या दिवशी मावशींनी ते कपाटात ठेवलं. “वारा बरा आहे दादा, पण पोळी फुगत नाही.” मग छताच्या पंख्याचा नाद सोडला. जुना टेबल फॅन त्यांच्या मागे, जमिनीलगत स्टुलावर ठेवला, रोख पाठीकडे. वाऱ्याच्या आड त्या स्वतःच उभ्या असतात, ज्योत हलत नाही. कुकर चढला की मावशी आता पायानेच त्याचं बटण दाबतात.